आमचा अभ्यास दौरा

हिवरे बाजारात राहायचं म्हणजे एक गोष्ट अंगवळणी पाडून घ्यावी लागते. आपण ओट्यावर दात घासत असतो आणि चारपाच अनोळखी माणसं आपल्याकडं कौतुकानं बघत असतात. अभ्यास दौरा आलेला असतो. कधी कृषी महाविद्यालयाची पोरं, कधी परराज्यातले सरपंच, कधी थेट परदेशातले पाहुणे. गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न असतो, "बाथरूम कुठंय?" आणि दुसरा, "हे सगळं कसं काय जमलं?"

दुसऱ्याचं उत्तर गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे. १९८९-९०ला पोपटराव पवार सरपंच झाले. मग कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. डोंगराला सलग समतल चर. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा आणि ग्रामसभेत बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पोरगं हे एका दमात म्हणतं आणि चॉकलेटसाठी हात पुढं करतं.

पेपरवाल्यांनी 'करोडपतींचं गाव' म्हणून छापल्यापासून तर फारच आफत झाली. एकदा मी बनियनवर शेळीच्या पायातला काटा काढत बसलो होतो. एक पाहुणे अदबीनं वाकून म्हणाले, "माफ करा, इथले करोडपती कुठं भेटतील?" मी त्यांना शेजाऱ्याकडं पाठवलं. शेजाऱ्यानं पुढच्या आळीत पाठवलं. संध्याकाळपर्यंत ते फिरत होते म्हणे.

हा सगळा राग तात्यांच्या तोंडून एक दिवस पारावर बाहेर पडला. "जग येऊन आपल्याला बघून गेलं," ते म्हणाले, "आपण काय बघितलं? नगरचं बसस्टँड!" जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी बसस्टँडवर राग काढताना तात्यांना 'नगर'च लागतं. ठरलं, की आता आपणही कुणाला तरी बघायला जायचं. रीतसर अभ्यास दौरा करायचा.

कुठं जायचं यावर मात्र पाण्याच्या ताळेबंदाला लागत नाही एवढा वेळ लागला. गावाला एकमतानं निर्णय घ्यायची सवय आहे आणि एकमत म्हणजे प्रत्येकाचं वेगळं मत एकाच वेळी मान्य करणं. आक्काला समुद्र बघायचा होता. गुरुजींना किल्ला. गुडघेदुखीवाल्या मामींना बाग हवी होती, शिवाय बसायला बाक. तात्यांचं म्हणणं, "पाण्याचं काही असेल तर येतो, नाहीतर तुम्ही जा." मुंबईत नोकरीला असलेल्या पुतण्याला फोन लावला. तो क्षणभरही न अडखळता म्हणाला, "मग माझगावला या. जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. टेकडीवर बाग आहे, समोर बंदर आहे, जागा जुन्या किल्ल्याची आहे आणि बागेच्या खाली पाण्याची टाकी आहे."

"खाली म्हणजे?" तात्यांनी फोन हिसकावून घेतला.

"जमिनीच्या पोटात. भंडारवाडा जलाशय. १८८४चा आहे."

"झाकलेला?"

"वर बागच आहे ना, तात्या."

"म्हणजे बाष्पीभवन शून्य!" तात्यांनी फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.

एसटीच्या रात्रभराच्या प्रवासाचं काही सांगत नाही. ज्याच्या खांद्यावर मामी झोपल्या तो मी होतो, एवढंच नोंदवतो. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हार्बरची लोकल धरायची होती. गुरुजींनी सूचना दिली, "तिसऱ्या स्टेशनला उतरायचं." गुरुजींचं गणित पक्कं, पण विद्यार्थी आम्ही. निम्म्यांनी चढलो ते स्टेशन धरून मोजलं, निम्म्यांनी सोडून. त्यामुळं अर्धा दौरा डॉकयार्ड रोडला उतरला आणि तात्यांसह अर्धा दौरा एक स्टेशन अलीकडं, सँडहर्स्ट रोडला. मागच्या गाडीनं तात्या आले तेव्हा दारातल्या चौघांना चराईबंदीचे फायदे समजावून झाले होते. चौघंही बहुधा त्यापुढं उतरणार होते, पण डॉकयार्ड रोडलाच उतरून वेगानं दिसेनासे झाले.

टेकडी स्टेशनाला लागूनच आहे. उंची बत्तीस मीटरच्या आसपास. "याला डोंगर म्हणतात?" तात्या खालूनच म्हणाले, "आपल्याकडं याला बांध म्हणतात." सगळे हसले. हसण्यात मी पुढं होतो आणि चढण्यात मागं. श्रमदानाच्या दिवशी फोटो निघेपर्यंत घमेलं उचलून धरणाऱ्या पथकातला मी. त्या पथकाला बत्तीस मीटर पुष्कळ होतात. अर्ध्यावर मी 'देखावा बघायला' म्हणून थांबलो. समोर एका इमारतीची मागची बाजू आणि वाळत घातलेल्या चड्ड्या होत्या. तरी मी त्या बराच वेळ बघितल्या.

वर पोचल्या पोचल्या गुरुजींनी कमरेवर हात ठेवून सवाल केला, "किल्ला कुठंय?"

झाडं होती, हिरवळ होती, बाकं होती, फेऱ्या मारणारी माणसं होती. किल्ला नव्हता. वास्तविक गुरुजींनी येताना एसटीत सगळा इतिहास सांगितला होता. १६८०च्या सुमारास इंग्रजांनी इथं किल्ला बांधला. १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मोठं सैन्य घेऊन शिवडीला उतरला, माझगावचा किल्ला घेतला आणि इंग्रजांना मुंबईच्या कोटात कोंडून ठेवलं. शेवटी कंपनीनं औरंगजेबाची माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा कुठं १६९०च्या जूनमध्ये सिद्दी हलला. आणि जाता जाता माझगावचा किल्ला पाडून गेला.

"पाडून गेला म्हणजे पाडला ना, गुरुजी?" आक्का म्हणाली, "मग आता कसा सापडेल?"

"आक्का, किल्ला पाडला तरी अवशेष राहतात. बघणाऱ्याला नजर पाहिजे."

ती नजर लावून गुरुजी बागेभर फिरले. प्रत्येक दगडापाशी वाकायचं, हात फिरवायचा, हं म्हणायचं. आम्हीही मागोमाग वाकून हं म्हणत होतो, कारण दौऱ्यावर असंच करायचं असतं, हे आम्ही पाहुण्यांकडून शिकलो होतो. एका वाफ्याच्या कडेला गुरुजी थबकले. "हा बघा! घडीव दगड. याच्यावरच्या छिन्नीच्या खुणा बघा. इथं बुरूज असणार." आम्ही मोबाईल काढले. बुरुजाबरोबर सगळ्यांचे फोटो झाले. मामींचा बुरुजावर बसून झाला. तेवढ्यात फेऱ्या मारणारे एक गृहस्थ थांबून म्हणाले, "तो दगड परवा बसवलाय. माझ्या डोळ्यांदेखत."

गुरुजींनी त्यांच्याकडं सिद्दीकडं बघावं तसं बघितलं.

गृहस्थ मात्र माणूस बोलका. "कुठून आलात?"

"हिवरे बाजार," तात्यांनी छाती पुढं काढली.

"अरे वा! अण्णा हजारेंचं गाव!"

तात्यांचा चेहरा काळवंडला. आमच्या गावाबाहेर पडलेल्या प्रत्येक माणसानं हे भोगलंय. राळेगण सिद्धीबद्दल आम्हाला आदर आहे. आमच्या कामाला तिथूनच प्रेरणा मिळाली, हेही आम्ही पाहुण्यांना सांगतो. पण पद्मश्री २०२० साली आमच्या पोपटरावांना मिळाली, तेव्हासुद्धा लोकांनी आम्हालाच विचारलं, की अण्णांना आता का दिली?

"अण्णांचं गाव राळेगण सिद्धी," तात्या म्हणाले.

"तेच ते."

"तेच ते नाही."

"पण एकाच बाजूला ना?"

"तुम्ही कुठले?" तात्यांनी उलट विचारलं.

"माझगावचा. जन्म इथलाच."

"म्हणजे परळचे."

"परळ? छे! परळ कुठं, माझगाव कुठं!"

"हां," तात्या म्हणाले आणि बाकावर बसले.

गृहस्थ शरमले असावेत, कारण त्यांनी लगेच विषय बदलून बागेचं कौतुक सुरू केलं. इथं ते तरुणपणापासून फिरायला येतात. गुरुजींना आता संधी मिळाली. "मग हे जोसेफ बाप्टिस्टा कोण, ते माहीत असेलच."

"बाग बांधणारा कंत्राटदार असेल ना कुणीतरी."

गुरुजींनी शाळा भरवली. काका बाप्टिस्टा १८६४ साली इथंच, माझगावच्या माथारपाखाडीत जन्मले. बॅरिस्टर. टिळकांचे मित्र आणि वकील. १९१६ साली होमरूल लीग निघाली तिचे पहिले अध्यक्ष. कामगारांचे पुढारी. १९२५ साली मुंबईचे महापौर. बोलता बोलता गुरुजींचा आवाज वर्गातला झाला. आजूबाजूला पंधरावीस माणसं जमली. दोन मुलींनी तर वहीत लिहून घेतलं. गुरुजी थांबले तेव्हा मागून एकानं खिशात हात घालत विचारलं, "गाईडचे किती होतात?" गुरुजींनी पैसे नाकारले, पण किती होतात ते आधी विचारून घ्यायला हवं होतं, असं परतीच्या एसटीत दोनदा म्हणाले.

इकडं तात्यांना इतिहासाशी देणंघेणं नव्हतं. ते हिरवळीच्या कडेला उकिडवे बसून जमिनीवर बोटांनी टकटक करत होते. मग कान लावला. मग पिशवीतून दोरी काढली. दोरीच्या टोकाला वजन, मध्ये मध्ये गाठी. आमच्याकडं विहिरीची पातळी मोजायला असली दोरी घरोघर असते. पण मुंबईच्या पाण्याच्या टाकीवर, पिशवीतून दोरी काढणारा, जमिनीला कान लावणारा माणूस बघून पहारेकऱ्याला काय वाटावं?

"ओ काका! काय चाललंय?"

"पातळी किती आहे?"

"कसली?"

"पाण्याची."

"समुद्राची?"

"अहो, खालची! टाकीची. रोजची नोंद कुठं लिहिता? फळा कुठंय?"

पहारेकऱ्यानं दोरी ताब्यात घेतली. तात्यांचं नाव, गाव, येण्याचं कारण विचारलं. कारण 'अभ्यास' असं ऐकल्यावर त्याचा संशय वाढला. साठीच्या माणसाचा अभ्यास कसला? मी मध्ये पडलो. माझ्यामुळं प्रकरण आणखी चिघळत चाललं होतं, एवढ्यात तो म्हणाला, "हिवरे बाजार म्हणजे नगरचं का? मी पाथर्डीचा."

पुढचं सगळं सोपं झालं. दुष्काळी माणसाला दुष्काळी माणूस लगेच उमगतो. तात्यांनी त्याला शेजारी बसवून पहिला प्रश्न टाकला, "टँकर चालू झाला का तुमच्याकडं?" दोघं एकदम गंभीर झाले. माणसं आजाऱ्याची चौकशी करतात त्या आवाजात त्यांचं पाथर्डीच्या विहिरींबद्दल बोलणं सुरू झालं. दोरी परत मिळाली, ती पिशवीतून पुन्हा काढायची नाही या बोलीवर.

मग ताळेबंद निघाला. तात्या जिथं जातील तिथं तो निघतोच. आम्हाला बागेत येऊन मिळालेल्या पुतण्यानं मोबाईलवर बघून सांगितलं, की मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी येतं. भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर, असं कुठून कुठून. काही पाणी तर शंभर किलोमीटरवरून. तात्यांनी गुरुजींना कागद दिला. "आपलं शिवार मांडा."

गावाचं क्षेत्र साधारण ९७६ हेक्टर. पाऊस बरा झाला तर ४०० मिलिमीटर. गुरुजींनी गुणाकार केला, पुसला, पुन्हा केला. "सगळ्या शिवारावर पडणारा थेंबन् थेंब धरला तर ३९० कोटी लिटर."

"वर्षाला," तात्या म्हणाले.

"वर्षाला."

"आणि यांचं ३८५ कोटी?"

"रोजचं."

कुणी काही बोलेना. पाथर्डीच्या पहारेकऱ्यानं टोपी काढली.

"म्हणजे," तात्या सावकाश म्हणाले, "आपल्या आभाळातनं सालभर जे पडतं, ज्याच्यासाठी आपण डोंगर खांदले, ऊस सोडला, ग्रामसभेत भांडलो, ते ही मंडळी आज झोपायच्या आत संपवणार."

"सव्वा कोटी माणसं आहेत तात्या इथं," आक्का म्हणाली, "आपण हजारदीड हजार. माणशी हिशेब काढला तर आपणच..."

"आक्के, तू समुद्र बघ," तात्या म्हणाले.

आणि ते उठून तडक पिण्याच्या नळाकडं गेले. नळ जरासा ठिबकत होता. जग जिंकायला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यानं तात्यांनी तो आवळला. विहिरीचं रहाट ओढलेला हात तो. ठिबक थांबली. पुढं अर्ध्या तासात एकूण सहा फिरस्ते तहानेनं नळापाशी आले, दोन्ही हातांनी झटले आणि तसेच निघून गेले. तात्या दुरून समाधानानं मोजत होते.

समुद्राचीही एक गंमतच झाली. आक्का कठड्यापाशी उभी राहून विचारत होती, "समुद्र कुठंय?"

"तो काय, क्रेनच्या मागं," पुतण्या म्हणाला.

"एवढाच?"

"बाकीचा पुढं आहे."

खाली रेल्वेचे रूळ, गोदामं, गोदीच्या क्रेना, उभी जहाजं आणि त्यांच्या फटीफटीतून चमकणारं पाणी. पुतण्यानं माझगाव डॉक दाखवलं. इथं युद्धनौका बांधतात, पाणबुड्या बांधतात, हे अभिमानानं सांगितलं. आक्कानं थोडा विचार केला. "बोट बुडवायचीच असेल तर मुद्दाम वेगळी कशाला बांधायची? कुठलीही बुडते की." तात्या मागून येऊन उभे राहिले. बराच वेळ पाण्याकडं बघून म्हणाले, "एवढं पाणी आणि सगळं खारं. नियोजन कुणी केलं होतं?"

मामी तेवढ्यात एका बाकावर बसल्या होत्या. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक जोडपं होतं. जवळ जवळ बसलेलं, जगाचं भान सुटलेलं. आमच्या गावात लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची आहे आणि तिच्याबद्दल बोलायला कुणी लाजत नाही. मामी तर नाहीच. त्यांनी मायेनं पोरीच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "तपासणी केली का गं?" पोरगी उडालीच. "कसली?" मामींनी मोकळ्या आवाजात सांगितली. बाक पूर्ण रिकामं झालं. मामींना पाय पसरून बसायला मिळालं. "मुंबईची माणसं चांगली," त्या म्हणाल्या, "वयस्क माणूस बघून जागा देतात."

पण दौऱ्यावर खरी छाप पाडली ती आक्कानं. समुद्र क्रेनच्या मागं गेल्यावर तिला रिकामपण आलं आणि रिकामपणी आमच्या गावचं माणूस श्रमदान करतं. तिनं पदर खोचला आणि वेफर्सची पाकिटं, बाटल्यांची बुचं वेचायला सुरुवात केली. आम्हाला लाजेकाजेस्तव वाकावं लागलं. मी पुन्हा फोटोपुरता वाकलो, पण फोटो काढणारं कुणी नव्हतं, त्यामुळं तसाच वाकलेला राहिलो. बघता बघता आक्काभोवती माणसं जमू लागली. आम्हाला वाटलं कौतुक करताहेत.

"मॅडम, तुम्ही नवीन आलात का?" एका बाईंनी विचारलं.

"आजच सकाळी आले," आक्का म्हणाली.

"बरं झालं कुणीतरी आलं. आमच्या गल्लीतला दिवा महिनाभर बंद आहे."

"महिनाभर? आणि ग्रामसभा काय करते?"

"कसली सभा, मॅडम? कुणी ऐकतच नाही."

"लिहून द्या," आक्का म्हणाली.

तिनं हे सवयीनं म्हटलं. आमच्याकडं कुणाचंही काहीही असलं तरी आधी लिहून द्यावं लागतं. पण तिथं ते शब्द एखाद्या साहेबानं उच्चारावे तसे उमटले. पाच मिनिटांत आक्कापुढं रांग लागली. दिवा, गटार, मांजरं, वरच्या मजल्यावरचा पियानो. कुणी बिलाच्या पाठीवर लिहून दिलं, कुणी मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर. आक्का प्रत्येक कागद वाचून घडी घालून कमरेला खोचत होती आणि म्हणत होती, "बघते." तात्या तिच्या शेजारी शिपायासारखे उभे राहून रांग सरळ करत होते.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "आक्का, या लोकांना खरं सांग. आपण पाहुणे आहोत."

"सांगितलं की. म्हणले, आम्ही नगर जिल्ह्यातनं आलोय. तर त्या बाई म्हणाल्या, बदली होऊन का?"

परत आल्यावर आम्ही दौऱ्याचा अहवाल ग्रामसभेत मांडला. गुरुजींनी बुरुजाचा फोटो दाखवला. टाळ्या झाल्या, दगड परवाचा आहे हे कुणी काढलं नाही. तात्यांनी झाकलेल्या टाकीवर एवढं बोलून दाखवलं, की दोघंतिघं आपापल्या शेततळ्यावर बाग करायच्या गोष्टी करू लागले. आक्कानं मात्र कमरेचे कागद काढून पुतण्याच्या पत्त्यावर पाठवले आणि त्याला बजावलं, एकेक अर्ज जिथला तिथं नेऊन द्यायचा आणि पोच घ्यायची. दर रविवारी ती त्याला फोन लावते. "दिवा लागला का?" बिचारा नोकरी सांभाळून मांजरांचा पाठपुरावा करतो आहे. दिवा लागला. पियानोवाल्यानंही रात्री नऊनंतर झाकण लावायचं कबूल केलं.

आता झालंय असं, की माझगावकरांना आक्काचा नंबर मिळाला आहे. परवा दुपारी ती ओट्यावर डाळ निवडत होती. फोन वाजला. पलीकडून कुणीतरी काकुळतीला येऊन सांगत होतं, की मॅडम, आमच्या चाळीत हल्ली नळाला पाणी फारच कमी येतंय.

आक्कानं डाळीचं सूप बाजूला ठेवलं आणि करड्या आवाजात विचारलं, "चाळीत ऊस लावलाय का कुणी?"